हरत्या वर्षाचे चौदा जण

क्लबच्या मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक सलून आहे. रविवारी सकाळी तिथं केस कापायला येणारे थोडे आणि नुसते बसायला येणारे जास्त. भिंतीलगत लांब बाक आहे, त्यावर आम्ही सात-आठ म्हातारे दाटीवाटीनं बसतो आणि जुने खेळाडू उकरून काढतो. कोणाची किक कशी होती, कोण चिखलात जास्त खुलायचा, कोणी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी येऊन दोन गोल मारले. बोलणं फिरून फिरून सलग तीन वर्षं करंडक जिंकलेल्या संघावर येतं. त्या संघाच्या कप्तानाचा विषय निघाला की सलूनवाला कात्री थांबवतो आणि गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं बसून राहतं.

त्या कप्तानाची धाकटी बहीण म्हणजे आमच्या ताई. वय एकाहत्तर, उजवा गुडघा कुरकुरणारा, आवाज खणखणीत. मैदानामागच्या लाँड्रीत त्यांनी चौतीस वर्षं काम केलं आणि क्लबच्या जर्सी धुतल्या. कोणाच्या जर्सीचं कोपर आधी फाटतं, कोण बाहीला नाक पुसतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्या बाकावर बसणाऱ्या त्या एकट्याच बाई. पंख्याखालची जागा त्यांची, हे कोणाला सांगावं लागत नाही.

गेल्या वर्षी क्लबनं जुनी गॅलरी पाडून नवी बांधली. तिच्या खालच्या बोळात एक लांब भिंत मोकळी होती. क्लबकडून एक तरी सामना खेळलेल्या प्रत्येकाचं नाव त्या भिंतीवर लिहायचं ठरलं. सेक्रेटरीनं यादी केली आणि चुका सापडतात का बघायला सलूनमध्ये आणून दिली. हा सेक्रेटरी पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. माणूस सरळ, पण कागद दाखवल्याशिवाय स्वतःच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवणार नाही असा. आम्ही आपापले लाडके खेळाडू शोधले आणि खूश झालो. ताईंनी मात्र चष्मा लावून यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, परत एकदा वाचली आणि विचारलं, “कारखाना बंद पडला त्या वर्षाचं पान कुठं आहे?”

पान नव्हतंच.

त्या वर्षाबद्दल बाकावर कोणी बोलत नसे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथला तारेचा कारखाना बंद पडला. क्लबचे बहुतेक खेळाडू त्याच कारखान्यात कामाला होते. हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे असताना नदीपलीकडच्या क्लबनं त्यांना नोकऱ्या देऊ केल्या आणि एका फटक्यात नऊ जण तिकडे गेले. लीगचा नियम असा, की तीन सामन्यांना संघ मैदानात उतरला नाही तर क्लबचं नाव कायमचं कमी. तेव्हा एक पोस्टमन, एक वेल्डर, बेकरीतला एक कामगार, शाळेचा शिपाई, असे करत करत चौदा जण गोळा झाले. निम्म्यांनी धड बूटही घातले नव्हते कधी. त्यांनी एकोणीस सामने खेळले, सतरा हरले, दोन कसेबसे बरोबरीत सोडवले. पण एकाही रविवारी मैदान रिकामं पडू दिलं नाही. क्लब वाचला. पुढच्या वर्षी नवे खेळाडू आले आणि हे चौदा जण गुपचूप आपापल्या कामाला लागले. त्या हंगामाचे कागद ज्या कपाटात होते त्यात नंतर कधीतरी पाणी शिरलं आणि सगळ्याचा लगदा झाला.

सेक्रेटरीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. आज पुराव्याशिवाय चौदा नावं लिहिली तर उद्या चाळीस जण दारात उभे राहतील, असं त्याचं म्हणणं. ते चूकही नव्हतं.

“आणि पुरावा आणला तर?” ताईंनी विचारलं.

“तर लिहीन.”

“मग भिंतीवर जागा सोडून ठेवा,” ताई म्हणाल्या आणि यादी घडी करून पिशवीत टाकली.

आम्हाला वाटलं, चार दिवस फिरतील, गुडघा दुखला की बसतील. सलूनवाला तर बोललाही, की हरलेल्यांची नावं लिहून कोणाचं भलं होणार आहे. 

त्या आधी गेल्या त्या काळच्या रेफरीकडे. रेफरी आता ऐंशीचे, मुलाकडे वरच्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. ताई चौसष्ट पायऱ्या चढल्या. मोजल्या होत्या, कारण पुढे आणखी तीनदा चढाव्या लागल्या. रेफरींना कानानं कमी ऐकू येतं, पण आपण खेळवलेल्या प्रत्येक सामन्याची खिशातली डायरी त्यांनी जपली होती. बुटांच्या खोक्यांत, वर्षांप्रमाणे. त्या वर्षीचे आमचे अकरा सामने त्यांनी खेळवले होते. डायरीत तारीख होती, गोल होते, संघही होता. पण दर रविवारी माणसं बदलत, घाईत नावं कोण विचारणार? म्हणून रेफरींनी आपल्या सोयीनं लिहिलं होतं: ‘पोस्ट’, ‘वेल्डर’, ‘बेकरी’, ‘शिपाई’, ‘उंच शिंपी’, ‘बुटका शिंपी’. सगळे अकरा सामने मिळून बरोबर चौदा.

डायरी पाहून सेक्रेटरी पहिल्यांदा जरा हलला. पण ‘बेकरी’ हे काही माणसाचं नाव नाही, एवढं तो म्हणालाच.

“नाव मी आणते,” ताई म्हणाल्या. “प्रत्येकाच्या सहीनं आणते.”

पुढचे दोन महिने ताई बाकावर दिसल्या नाहीत. त्यांनी एका वहीत डायरीतले चौदा शब्द मोठ्या अक्षरात लिहून घेतले आणि ज्याचा त्याचा शब्द दाखवून समोर सही घ्यायला लागल्या. पाच जण वारले होते. त्यांच्या बायकांनी, मुलांनी सह्या केल्या. उंच शिंप्याच्या मुलीला वडील फुटबॉल खेळले होते हेच ठाऊक नव्हतं. तिनं ताईंना दोन तास सोडलं नाही. वेल्डर दुसऱ्या शहरात मुलीकडे सापडला. त्याच्याशी फोनवर बोलणं झालं आणि आठवड्यानं टपालानं सही आली. सोबत तीन पानी पत्र होतं. त्यात एक पान नुसतं एका चुकीच्या पेनल्टीबद्दल होतं. तो राग अजून ताजा होता.

तेरा झाले. उरली बेकरी.

बेकरीवाला म्हणजे त्या संघाचा गोलकीपर. तेव्हा बावीस वर्षांचा कामगार होता, आता स्वतःची बेकरी आहे, मुलगी गल्ला सांभाळते, हा मागे भट्टीपाशी असतो. आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर. पण पंचेचाळीस वर्षांत तो मैदानात पुन्हा आला नव्हता. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या हंगामात एका सामन्यात त्याच्यावर अकरा गोल झाले होते आणि तेव्हापासून त्याला नाव पडलं होतं ‘चाळणी’.

ताईंनी वही पुढे केली तेव्हा त्यानं हातही लावला नाही. हात पिठाचे आहेत म्हणाला. ताई म्हणाल्या, थांबते. तो म्हणाला, थांबू नका, सही करायची नाही. लोक विसरलेत तेच बरं आहे.

चार दिवसांनी ताई परत गेल्या. या वेळी तो जरा चिडला.

“तुमच्या भावाचं नाव सगळ्यात वर असेल ना? मग झालं की. आमच्यामागे कशाला लागलात?”

इथं सांगायला हवं, की नदीपलीकडे गेलेल्या त्या नऊ जणांत पहिला होता कप्तान. आम्ही बाकावर इतकी वर्षं त्याच्या फ्री किकबद्दल बोललो, पण ही गोष्ट कधी तोंडातून निघाली नाही. कप्तान चार वर्षांपूर्वी वारला. ताईंसमोर तो विषय काढायचा नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं. निदान आम्हाला वाटत होतं, की ते ताईंसाठी आहे.

ताई भट्टीच्या बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ सोडून गेला म्हणून तुम्हाला उभं राहावं लागलं. घरात चार पोरं होती त्याच्या, मी त्याला दोष देत नाही. पण ज्या रविवारी तो तिकडे खेळत होता, त्या रविवारी तुमची जर्सी मी धुतली आहे. छातीवर चेंडूचे डाग होते. पाठीवर एक नव्हता.”

 ट्रे सरकवत बेकरीवाल्यानं जे सांगितलं ते ताईंनी आम्हाला नंतर सांगितलं. त्याला गोलांचं दुःख नव्हतं. पण मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पोरं तिला ‘चाळणीची मुलगी’ म्हणायची. ती रडत यायची आणि विचारायची, बाबा, चाळणी म्हणजे तुम्ही काय केलं होतं? भिंतीवर नाव आलं की कोणीतरी नातवंडांना दाखवून पुन्हा तेच म्हणणार. त्यापेक्षा तेरा नावं लिहा.

त्या रविवारी ताई सलूनमध्ये आल्या. पंख्याखाली बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. त्यांनी मुलीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मग कोणाकडे न बघता म्हणाल्या, की चौदावी सही मिळाल्याशिवाय मी वही देणार नाही, आणि ते नाव कोणी पाडलं ते या खोलीत सगळ्यांना माहीत आहे.

माहीत होतंच. सलूनवाल्यानं पाडलं होतं. तेव्हा तो वीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली शिकत होता आणि गॅलरीत सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्या दिवशी त्याच्या हातातल्या गिऱ्हाईकाच्या कल्ल्यांची एक बाजू वर, एक खाली झाली.

सलूनला गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी सकाळी तो ताईंच्या दारात धुतलेला शर्ट घालून उभा राहिला. ताईंनी चपला घातल्या, मला हाक मारली, कारण गुडघ्यासाठी कोणाचा तरी हात लागतो, आणि आम्ही तिघं निघालो.

बेकरीवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि काम चालू ठेवलं. सलूनवाल्यानं वाटेत काय काय जुळवलं असेल देव जाणे, पण तोंडातून एवढंच आलं, “ते नाव मी पाडलं होतं. तुमच्या मुलीचं रविवारी ऐकलं. चुकलं माझं.”

 पुढे गल्ल्यावर मुलगी होती, तिनंही ऐकलं असणार, कारण नाणी मोजायचा आवाज थांबला.

बेकरीवाल्यानं विचारलं, “त्या दिवशी शेवटपर्यंत होतास?”

“होतो.”

“किती आत गेले?”

“अकरा.”

“आणि अडवले किती?”

सलूनवाल्यानं मान खाली घातली. मोजले नव्हते म्हणाला.

“मी मोजले,” बेकरीवाला म्हणाला. “तेवीस.”

त्यानं नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश पुसले आणि वही मागितली. ‘बेकरी’ या शब्दासमोर त्यानं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. भिंतीवर असंच्या असं लिहायचं, एक अक्षर गाळायचं नाही, अशी अट घातली. मुलगी आत आली होती. तिनं वही हातात घेऊन बाकीचे तेरा शब्दही वाचले.

सेक्रेटरीनं चौदा सह्या एकेक करून डायरीशी ताडून पाहिल्या आणि यादीत पान घातलं. आम्हाला वाटलं, काम संपलं. ताईंचं संपलं नव्हतं. यादीत त्यांच्या भावासमोर ‘आठ वर्षं’ लिहिलेलं होतं. आठवं वर्ष म्हणजे नेमकं तेच, हरतं वर्ष. ताईंनी बोट ठेवून सांगितलं, इथं सात करा. सेक्रेटरीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा विचारलं. ताईंनी पुन्हा तेच सांगितलं.

यावरून वहिनी, म्हणजे कप्तानाची बायको, ताईंशी बोलेनाशा झाल्या. मेलेल्या माणसाचं एक वर्ष कापून काय मिळवलं, असं त्या शेजारणींना सांगत. ताईंना ते लागलं. दोन-तीनदा त्या वहिनींच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. पण सातचं आठ केलं नाही.

भिंत खुली झाली त्या दिवशी बोळात उभं राहायला जागा नव्हती. पोस्टमन काठी टेकत आला, बुटका शिंपी नातीला घेऊन आला, उंच शिंप्याची मुलगी वडिलांचा फोटो छातीशी धरून आली. बेकरीवाला दुपारच्या ब्रेडची घाई आटोपून उशिरा पोचला, आणि लोक सरकले, त्याला भिंतीपर्यंत वाट करून दिली. सलूनवाला त्याच्या मागे दोन पावलांवर होता.  बेकरीवाल्यानं आपलं नाव वाचलं, अक्षरं तपासली आणि मान डोलावली.

वहिनीही आल्या होत्या. बराच वेळ त्या वरच्या ओळीकडे बघत राहिल्या. मग ताईंच्या शेजारी येऊन म्हणाल्या, “सातच लिहिलंस.”

“सातच खेळला, वहिनी.”

“पण कसला खेळला गं,” वहिनी म्हणाल्या, आणि गर्दी वाढायला लागली तशी त्यांनी ताईंचा दंड धरला, गुडघ्याची बाजू आपल्याकडे घेतली.

त्या दिवशीचा सामना आम्ही दोन-एकनं हरलो. पुढच्या महिन्यात क्लबनं ताईंना कमिटीवर घेतलं. बैठक खालच्या मजल्यावर घ्यायची असेल तरच येईन, असं त्यांनी कळवलं, आणि सेक्रेटरीनं टेबल खाली आणवलं.