पिवळ्या पट्टीवर चालवलेला माणूस

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. निवृत्तीच्या दिवशी माझ्या कडक शिस्तीचं कौतुक झालं तेव्हा टाळली. नात नर्सिंगला गेली आणि मेंदूचे आजार हा घरातला रोजचा विषय झाला, तेव्हाही टाळली. आज नातीविषयी अभिमानाने लिहायला बसलोय, तर आधी ही लिहावी लागेल.

चाकणच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. पत्र्याला आकार देणारी मोठाली मशीनं. हात चुकला की बोटं जायची. माझ्या शिफ्टमध्ये कुणाचं बोट गेलं नाही, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, पेढे. दसऱ्याची सुट्टी संपवून येताना मात्र एखाददुसरा तारेत यायचा. त्यांच्यासाठी माझी एक रीत होती. शॉपमध्ये चालायच्या वाटेवर पिवळी पट्टी रंगवलेली असते. संशय आला की त्या पट्टीवर चालायला लावायचं. पाय बाहेर पडला, तर त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही.

अशाच एका दसऱ्यानंतर, पहिल्या शिफ्टला, लातूरकडच्या एका ऑपरेटरच्या उजव्या हातातून दोनदा माल खाली पडला. काय झालं विचारलं तर शब्द तोंडातच घोळले. ओठ एका बाजूला ओढलेला. मी त्याला पट्टीवर उभं केलं. उजवा पाय घासत तो तीन पावलं चालला आणि कलंडला.

"दसरा उतरला नाही अजून, राव," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

त्याच्या तोंडाला वास आहे का, एवढंही मी पाहिलं नाही. रजिस्टरमध्ये 'नशेत आढळला' असा शेरा लिहिला आणि शिफ्ट सुटेपर्यंत त्याला सायकल स्टँडजवळच्या बाकावर बसवलं. दुपारी बसमध्ये चढवताना त्याचा हात लोंबत होता. तो पुन्हा कामावर आला नाही. त्याला पक्षाघात झाल्याचं नंतर कानावर आलं. दारूनेच झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

पुढे मी निवृत्त झालो. मारुंजीतल्या आमच्या जुन्या वावरात आता आमची इमारत आहे, वरच्या खोल्यांत आयटीतली भाडेकरू मुलं राहतात. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला नातीला सराव करायला माणूस हवा होता, तो मी झालो. ती कॉलेजचा पांढरा कोट घालूनच यायची. माझं नाव, आजचा वार, आपण कुठे आहोत, हे विचारायची. डोळ्यांत टॉर्च मारून बुबुळं बघायची. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांचे मिळून मला पंधरापैकी पंधरा गुण मिळाले. शाळेत असे कधी मिळाले नव्हते, असं मी म्हणालो, तर तिने तेही मन लावून वहीत लिहिलं.

मग तिने मला गॅलरीतल्या फरशीच्या सांध्यावरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं.

"ही परीक्षा मला ठाऊक हाय," मी म्हणालो. "पिणारा माणूस हिच्यात सापडतो."

"आबा, पक्षाघाताचा माणूससुद्धा असाच चालतो," ती म्हणाली. "नुसत्या चालण्यावरून ठरवायचं नसतं. हसायला सांगायचं, दोन्ही हात समोर धरायला सांगायचं, बोलणं ऐकायचं. आणि वेळ घालवायचा नाही."

मी तिथेच खुर्चीत बसलो. तिला वाटलं, मला चक्कर आली. तिने पुन्हा सगळं तपासलं.

महिनाभराने मी त्या माणसाचा पत्ता काढला. तो राजगुरुनगरजवळ मुलीकडे राहत होता. खरा पेशंट बघायला मिळेल असं सांगून नातीला बरोबर नेलं. एकट्याने जायची हिंमत नव्हती.

त्याने मला ओळखलं. अर्ध्या तोंडाने हसला. नात त्याच्यासमोर खाली बसली. "काका, माझी बोटं दाबा. आता या हाताने." उजव्या हाताची बोटं हलली नाहीत, तरी तिने घाई केली नाही. शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा. ती मधे एकदाही बोलली नाही. इतकी वर्षं माणसं हाताळली, पण एवढ्या मानाने मी कुणाला काही विचारलं नव्हतं. ऊर भरून आला.

"साहेब... पोरगी... गुणाची," तो म्हणाला.

त्याची बायको चहा घेऊन आली. नातीने रीतीप्रमाणे तिला विचारलं, काकांना बीपी, साखर, काही व्यसन?

"बीपी होतं. पण दारूला कधी शिवले नाहीत ते," ती म्हणाली. नातीशी बोलत होती, बघत माझ्याकडे होती. "कंपनीत मात्र तसं लिहून ठेवलं. आजारी म्हणून नाही, पिणारा म्हणून नोकरी गेली."

मी कपात बघत चहा संपवला.

परतताना एसटीत नातीने आमची दोन तिकिटं काढली. मग म्हणाली, "ते लिहिणारे तुम्हीच ना, आबा?"

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

पुन्हा जाईन, असं तिला सांगितलं. आज गुडघा, उद्या पाहुणे, असं करत राहिलो. सहा महिन्यांनी तो गेल्याचं कळलं.

नात आता पिंपरीत मेंदूच्या वॉर्डात नर्स आहे. पेशंटला आणणारा कुणी म्हणाला की हा प्यायलाय, तरी ती चेहरा, हात, बोलणं, सगळं तपासते. तोंडाला खरोखर वास येत असला तरी तपासते. हे ती कुणामुळे शिकली ते ती वॉर्डात कुणाला सांगत नाही. म्हणून मी इथे सांगतो.

त्या घरी त्याच्या बायकोसमोर जे बोलायला गेलो होतो, ते एवढंच होतं: भाऊ, तू प्यायला नव्हतास. शेरा मी लिहिला, तो खोटा होता. तू आजारी होतास आणि मी हसलो. मला माफ कर.