भिंतीतलं गुंतवळ

रंगाचा डबा उघडण्याआधी पेंटर झाकणावर ब्रशच्या दांड्याने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "रंग कुणी पाह्यलाय?" उत्तराची वाट बघायचे नाहीत. आता ते नाहीत, पण कुठे टकटक ऐकू आली की अजून मी वळून बघतो.

सगळे त्यांना पेंटरच म्हणत, मीही. राहणार मारुंजी, वय साठीच्या पुढे. मी बावधनचा, जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर. मुळशीच्या रस्त्याला कधी गेला असाल तर ती सहलीची बाग तुम्हीही पाहिली असेल. तिथे फायबरचे अकरा डायनासोर आणले होते. ते रंगवायचे पेंटरांनी, समोरच्या माहितीच्या पाट्या लिहायच्या मी. मालकाचा हुकूम होता, सगळे हिरवे करा.

पेंटर अडून बसले. "आदी सांगा, रंग कुणी पाह्यलाय?"

पूर्वी ते गेलेल्या माणसांचे कृष्णधवल फोटो रंगवून देत. लुगडं कुठल्या रंगाचं होतं हे घरच्यांना विचारल्याशिवाय ब्रश ओला करत नसत. त्यावरून घरात भांडणं लागायची. थोरली म्हणायची हिरवं, धाकटी म्हणायची जांभळं, आणि पेंटर ओट्यावर चहा पीत निकालाची वाट बघायचे. डायनासोरांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं, ही त्यांची खरी अडचण होती.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी सांगितलं, काही डायनासोरांना पिसं होती. ती दगडात उमटली आणि त्यांत रंगाचे बारीक कण टिकून राहिले. कण लांबट असले तर रंग काळा, गोल असले तर तांबूस. एका लहानग्याची तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी अशीच ओळखली. "आणि जिथे पुरावा नाही," मी रुबाबात म्हणालो, "तिथे खरा शास्त्रज्ञ रंग भरत नाही."

टकटक करणारा पेंटरांचा ब्रश झाकणावरच थांबला. "पिसांत ऱ्हातो व्हय? मग केसांत?"

"केसांतही तेच कण असतात."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही, ना रंगाचा ना जेवणाचा.

कारण मला चार दिवसांनी कळलं. पेंटर पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा एकच फोटो, जत्रेत काढलेला, कृष्णधवल. गावातल्या किती मेलेल्यांना यांनी रंग दिला, आई तेवढी राहिली. त्यांना ती आठवायची उन्हात, पाठमोरी, तांबूस केसांची. थोरली बहीण अक्का म्हणायची, "काळेभोर व्हते. तू कुनाला बगितलंस, कुनास ठाऊक!" हे वाक्य त्यांना आतून खात होतं. जन्मभर जिला मनात धरलं ती आपली आई नसलीच, तर?

त्याच उन्हाळ्यात भावकीने मारुंजीच्या जुन्या घराची जागा सोसायटीसाठी दिली. घर पाडायला जेसीबी आला आणि पेंटर त्याच्यापुढे उभे राहिले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय घरात. ते भिंत तपासत होते. पूर्वी बायका केस विंचरून निघालेलं गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवत आणि केसांच्या बदल्यात सुया, फुगे देणारी आली की तिला काढून देत. खिडकीशेजारची फट आईची, हे अक्कालाही मान्य होतं. आईच्या मागे तिथे कुणी हात घातला नव्हता, वरून सालोसाल लिंपण बसत गेलं होतं. पेंटरांनी रंग खरवडायच्या पट्टीने ती फट कोरली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणात ते गुंतवळ घेऊन माझ्याकडे आले. मूठभरही नव्हतं. उन्हात धरलं तर तांबूस दिसलं.

"सर, तांबूस हाय का न्हाई?"

मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षे मातीत राहिले की काळे केसही तांबूस पडतात. हे सांगायला हवं होतं.

"तांबूस आहे."

"मूळचाच?"

"मूळचाच."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग गुंतवळ रुमालात बांधलं आणि म्हणाले, "बरं झालं." त्या दिवशी त्यांनी लहानग्या डायनासोरची शेपटी रंगवली, पट्टा न् पट्टा मोजून. झाकणावर टकटक केली नाही.

दिवाळीनंतर छातीत कळ येऊन पेंटर गेले. मी मारुंजीला अक्काला भेटायला गेलो. नव्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, भिंतीवर आईचा फोटो होता. लुगडं हिरवं, कुंकू लाल, हातात बांगड्या. सगळं रंगवलेलं. केस तेवढे तसेच, कृष्णधवल.

"केस नाही रंगवले?" मी विचारलं.

"न्हाई," अक्का म्हणाली. "म्हनायचा, सर लई भला मानूस. पर त्यास्नी खोटं बोलता येत न्हाई."

अक्काने पदराने फोटोची काच पुसली.

"खरं सांगू का सर? समदा जलम मी काळेच म्हनत आले. पर ह्यो गेल्यापासनं डोळं मिटलं की आय दिसती. उनात, पाठमोरी. आन् केस तांबूस."