चाकाचं ओरडणं

सायकलची चाकं हातानं बांधणाऱ्या वासुदेवकाकांनी माझं नवं चाक फरशीवर आडवं टाकलं, दोन्ही तळवे चाकाच्या रिमवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार दिला. तारांमधून कट् कट् आवाज आला. मी डोळे मिटले.

"डोये काहून मिटून रायला बे? इथंच ओरडून घेऊ दे त्याले. मंग रस्त्यात नाही ओरडत."

आठवीत शाळा सुटली. कोकणातून इतक्या लांब नागपुरात आलो, सायकलवर पाव पोचवतो. ओझ्याला टिकेल असं चाक बांधणारा माणूस गल्लोगल्ली शोधला, कारण तयार चाकावर माझा विश्वास बसत नाही. आमच्या घाटात दादाचं मागचं चाक असंच कटकटलं होतं. मी मागच्या सायकलवर होतो, मला ऐकू आलं, पण त्याला गाठता आलं नाही. वळणावर चाक दुमडलं आणि दादा गेला.

बांधताना ज्यांचा आवाज ऐकायला कुणी बसलंच नाही, अशी किती चाकं रस्त्यानं फिरत असतील. मला निदान हे काका भेटले. हे उपकार मी कुठे ठेवू, कळत नाही.

"ये, तू दाब आता," काका म्हणाले.

मी दाबलं. एक तार बोलली, मग सगळं गप्प झालं. तरी मी दाबतच राहिलो. काकांनी माझा हात हलकेच उचलला. "झालं ना बाप्पा. जाय, चालवून पाय."

चाक अगदी मुकाट फिरत होतं. तरी मी हळूच चालवली सायकल, मागून कुणी येत असेल तर त्याला गाठता यावं म्हणून.