ऑलिव्ह ग्रिमशॉचं कुपन

हॉल्मर्टनमध्ये ऑलिव्ह ग्रिमशॉ कुणाला आवडायची नाही, आणि तिलाही हॉल्मर्टन आवडत नव्हतं. एकोणीस वर्षं ती गावच्या फुटबॉल क्लबचे कपडे धूत होती. मैदानावरच्या प्रेक्षकांच्या स्टँडखाली, जिथे उभं राहिलं तर डोकं छताला लागायचं, अशा खोलीत तिचे दोन टब, एक पिळायचा चरक आणि सोड्याची पिंपं असायची. शनिवारी सामना संपला की अकरा जणांचा चिखल तिच्या पायाशी येऊन पडायचा. त्याबद्दल तिला कुणी कधी दोन शब्द बरे बोललेलं नव्हतं. तीही कुणाशी बरं बोलायची नाही. एखाद्या नव्या खेळाडूनं मोजे उलटे टाकले तर ती ते तसेच उलटे, ओले, त्याच्या खुंटीवर टांगून ठेवायची.

सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचं कुपन तिच्याकडे आलं ते नवऱ्यामुळे. वॉल्टर होता तोवर दर आठवड्याला हॉल्मर्टन जिंकणार असं लिहून पैसे घालवायचा. तो गेल्यावर त्याच्या कोटाच्या खिशात एक कोरं कुपन निघालं. ते फेकावं की ठेवावं अशा विचारात ती बसली, आणि वाचू लागली. चौथ्या डिव्हिजनचे बारा सामने. तिच्या लक्षात आलं की या कागदावरचं तिला बरंच कळतंय. मंगळवारी दोनशे मैल बसमधून जाऊन आलेला संघ शनिवारी कसा पाय ओढतो, हे तिनं मोज्यांवर पाहिलं होतं. फेब्रुवारीतल्या चिखलात चांगला संघ आणि वाईट संघ सारखेच होतात, हेही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, बरोबरीवर पैसे लावायला कुणाचं मन होत नाही. माणूस कुणाच्या तरी बाजूनं असतो. ऑलिव्ह कुणाच्याच बाजूनं नव्हती.

त्यामुळे ती फक्त बरोबऱ्या लिहायची, त्याही दुसऱ्या गावांच्या. हॉल्मर्टनच्या सामन्यावर तिनं नऊ वर्षांत कधी रेघ मारली नाही. दर आठवड्याला एक पौंड. वर्षाच्या शेवटी ती नेहमी थोडी फायद्यात असायची.

बेटिंगच्या दुकानात बसणाऱ्या बाप्यांना हे सहन होत नसे. दुकानाचा मॅनेजर सिरिल एंट्विसल तर तिला पाहिलं की पेन्सिल खाली ठेवायचा. गंमत म्हणून खेळणारी माणसं त्याला हवी होती, आणि ही बाई गंमत करत नव्हती. तिच्या कुपनाला तो नेहमीपेक्षा कमी भाव द्यायचा. ती तेवढ्यावरच घ्यायची आणि काचेखालून सुटे पैसे एकेक करून सरकवायची, म्हणजे त्याला मोजत बसावं लागे.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, सरावाच्या कपड्यांत गोलरक्षकाची जर्सी आली ती कॉलरपासून काखेपर्यंत कात्रीनं कापलेली. गॉर्डन ॲस्पिनॉल एकोणतीस वर्षांचा होता, उंच, अबोल. सहा वर्षं तो क्लबच्या गोलात उभा होता. ऑलिव्ह ती जर्सी हातात घेऊन कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी गेली. आत गॉर्डन डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न करत होता. उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला दिलेलं असावं तसा. तिनं पाहिलं, त्यानं तिला पाहिलं.

ती सरळ संघाच्या मॅनेजरकडे गेली. रॉय टॅटर्सल हा मोठ्या आवाजाचा, लहान मनाचा माणूस. तिनं जर्सी त्याच्या टेबलावर टाकली आणि सांगितलं, की ज्याच्या डोक्यावरून सदरा निघत नाही तो शनिवारी गोल कसा अडवणार.

"ग्रिमशॉबाई," टॅटर्सल म्हणाला, "मी कधी तुमच्या साबणात हात घालतो का?"

"घातला असतात तर थोडे स्वच्छ दिसला असतात," ती म्हणाली.

त्यानं तिला बाहेर काढलं. डॉक्टर दुखणं मारायची सुई देतील, तेवढं पुरे, असं तो मागून ओरडला. शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या दारावर संघाची यादी लागली. पहिलं नाव ॲस्पिनॉल.

ऑलिव्ह त्या यादीसमोर जरा वेळ उभी राहिली. मग कोट चढवून ती एंट्विसलच्या दुकानात गेली आणि कुपनावर तीन रेघा मारल्या. दोन बरोबऱ्या नेहमीसारख्या. तिसरी रेघ हॉल्मर्टनच्या हरण्यावर, तेही घरच्या मैदानावर, गुणतक्त्यात तळाला असलेल्या थॉर्पवर्थकडून. आणि एकाऐवजी पाच पौंड. एंट्विसलनं कुपन दोनदा वाचलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटून त्यानं या वेळी पूर्ण भाव दिला आणि तारखेचा, वेळेचा शिक्का जोरात मारला.

त्या क्षणी तिच्या मनात फक्त टॅटर्सल होता. त्याचा तो साबणाचा टोमणा. बघच आता, असं तिच्या मनात होतं. गॉर्डन मनात नव्हता, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं.

शनिवारी हॉल्मर्टन शून्य-तीननं हरलं. पहिले दोन गोल गॉर्डनच्या उजव्या बाजूनं गेले. तिसऱ्या वेळी त्यानं हात उचललाच, कारण लोक त्याला शिव्या घालत होते, आणि तो तसाच खांबावर जाऊन आदळला. त्याला उचलून नेलं तेव्हा स्टँडमधून कुणीतरी चिप्सचा कागद त्याच्या अंगावर फेकला. ऑलिव्हनं तो उचलला. पाच वाजता रेडिओवर निकाल लागले. बाकीच्या दोन्ही बरोबऱ्या आल्या होत्या.

सोमवारी तिनं दोनशे चाळीस पौंड घेतले. दुकानात चार माणसं होती. मंगळवारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. टॅटर्सलनं तिला खेळाडूंसमोर उभं केलं आणि घरभेदी म्हणाला. एकोणीस वर्षं आपलं अन्न खाल्लं आणि आपल्याच पोरांच्या हरण्यावर पैसे लावले, म्हणाला. कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही. तिनं ॲप्रन काढला, घडी न घालता टबात टाकला आणि निघाली. त्यानंतर खाटकानं तिला रांगेत शेवटी ठेवायला सुरुवात केली. शेजारीण तिच्या पायरीवर कचरा झाडायची.

गॉर्डनच्या खांद्याची दोन ऑपरेशनं झाली. हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एप्रिलमध्ये क्लबनं पगार थांबवला. गॉर्डन घरी शिडीवरून पडला होता, त्यानं ते लपवलं, आम्हाला कुणाला काहीच ठाऊक नव्हतं, असं टॅटर्सलनं लिहून दिलं. सुई देणारा डॉक्टरही गप्प बसला. खेळाडूंच्या संघटनेनं प्रकरण लवादाकडे नेलं, पण हातात पुरावा काही नव्हता.

तेव्हा एक दिवस गॉर्डन तिच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"तुम्ही त्याला सांगितलं होतंत?"

"गुरुवारी. जर्सी टेबलावर टाकून."

"आणि शुक्रवारी जाऊन पैसे लावलेत."

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगायचं?" ती म्हणाली. "खांदा तुझा होता. तुला ठाऊक नव्हतं?"

गॉर्डनचा चेहरा लाल झाला. जूनमध्ये त्याचा करार संपत होता. नाही म्हणणाऱ्याला क्लब पुन्हा घेत नाही, हे गावात कुणालाही ठाऊक होतं. "तुम्हाला लाज नाही," तो म्हणाला आणि गेला.

ऑलिव्ह दाराशी उभी राहिली. त्याला जे बोलली ते खरं होतं, आणि तरी ते बोलायला नको होतं. त्या दिवशी दारातून त्याला केस विंचरताना पाहिलं तेव्हा दोन पावलं आत टाकली असती तर काय झालं असतं, हे तिला सांगता येईना. कदाचित काहीच नाही. पण तिनं टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एंट्विसलच्या दुकानात गेली. जिंकलेलं कुपन पैसे देताना दुकान ठेवून घेतं, त्यामुळे ते त्याच्याकडे होतं. तिनं ते मागितलं. एंट्विसलनं दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, कशाला हवंय, फ्रेम करून लावायला? लवादापुढे ठेवायला, तिनं सांगितलं. माणसं हसायची थांबली. एंट्विसलला टॅटर्सलही आवडत नसे, पण त्याहून ही बाई आवडत नसे. त्यानं खोका काढला, बराच वेळ शोधल्यासारखं केलं, आणि कुपन काचेवर ठेवून त्यावर बोट दाबून धरलं.

"हे घ्या. पण या दारातून पुन्हा आत यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

लवादापुढे तीन गृहस्थ बसले होते. तिनं जर्सीचं सांगितलं, टॅटर्सलचं उत्तर सांगितलं. क्लबचा वकील म्हणाला की ही काढून टाकलेली बाई आहे, डूख धरून बोलते. मग तिनं कुपन पुढे केलं. नऊ वर्षं मी बरोबरीशिवाय काही लिहिलं नाही, आपल्या गावावर कधीच नाही, एका पौंडाच्या वर कधीच नाही, हे दुकानदाराला विचारा, ती म्हणाली. मग त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हे का लिहिलं? कारण मला ठाऊक होतं. आणि मला ज्या दिवशी ठाऊक झालं, त्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं.

वकील उठला. "म्हणजे बाई, एका जखमी माणसाच्या दुखण्यावर तुम्ही पैसे लावलेत?"

"हो."

"आणि ते घेतलेत?"

"घेतले. खर्चही केले. कोळसा आणला." मागे गॉर्डन बसला होता. ती त्याच्याकडे वळली नाही. "मी चांगली बाई आहे असं सांगायला मी आलेले नाही. टॅटर्सलला ठाऊक होतं, एवढंच सांगायला आले आहे."

एंट्विसलला बोलावलं तेव्हा तोही, नाइलाजानं, खरं तेच बोलला. लवादानं क्लबला भरपाई द्यायला लावली. टॅटर्सलला उन्हाळ्यातच काढलं, आणि वर्षभरात शेजारच्या क्लबनं त्याला घेतलं. असल्या माणसांना कुणीतरी घेतंच.

भरपाईमुळे क्लबला नवा गोलरक्षक परवडला नाही, आणि त्याचंही खापर गावानं ऑलिव्हवर फोडलं. कुणीतरी तिच्या दाराला चिखल फासला. तिनं तो तासाभरात काढला. चिखल काढणं तिला येत होतं.

गॉर्डनला नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं द्यायचं काम मिळालं. एकदा बस थांब्यावर दोघं समोरासमोर आली. त्यानं मान हलवली, मग जरा थांबून म्हणाला, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"मी मागितलेली नाही," ऑलिव्ह म्हणाली.

बस आली. तो पुढे चढला आणि तिची पिशवी डाव्या हातानं वर घेतली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली, तो पुढच्या. पाच मैलांवर एक दुसरं बेटिंगचं दुकान होतं, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. ती तिथे उतरली.