नागपूरहून आणलेली हवा

भर मे महिन्यात, अमरावतीत डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही अशा दुपारी, तायडे सर बडनेऱ्याला नागपूरच्या पॅसेंजरमधून उतरायचे. कुशीत गोधडीत गुंडाळलेला मोठा थर्मास, तोंडाला कापसाचा सैल बोळा आणि त्यातून निघणारी पांढरी वाफ. टांगेवाला घोड्याकडे कमी आणि मागेच जास्त बघायचा.

"मास्तर, काय हाये जी त्यात?"

"हवा."

"नागपूरहून हवा आनली?"

"हो बाप्पा. इथली लय गरम हाये. तू हळू हाक, सांडन."

यात खोटं काही नव्हतं. थर्मासात द्रवरूप हवाच असायची, बर्फालाही लाजवील इतकी गार. ती उडून जायच्या आत सरांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचायचं असे. गाडीला उशीर झाला की निम्मी हवा वाटेतच परत हवेत. मग सर त्या रिकाम्या थर्मासाकडे असे बघत, की मला त्यांचा रागही येई आणि कणवही.

मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, ते पदार्थविज्ञान. मी अकोल्याची, त्यांचं गावही अकोल्याजवळच. त्यांचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा सर बी.एस्सी.ला होते. पुढे एम.एस्सी. झाले, लेक्चरर झाले आणि डॉक्टरेटच्या मागे लागले. त्यांना लागणारी काळी भुकटी, मँगनीज आणि कोबाल्टचा मिश्र ऑक्साइड, मी करून द्यायची.

त्यांचं काम काय होतं हे सांगायला हवं. सर असते तर म्हणाले असते, "बाई, सोपं सांगा, लोक झोपतीन." तर अशा ऑक्साइडात धातूचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. ऊब असेपर्यंत सगळे सैरावैरा. खूप गार केलं की रांगेत उभे राहतात, पण एकाचं तोंड वर तर शेजाऱ्याचं खाली. त्यामुळे बाहेरच्या चुंबकाला त्यांची ओढ कमी जाणवते. सरांच्या भुकटीत मात्र उलटंच घडायचं. काचेच्या नळीत भरून, चुंबकाजवळ तराजूला टांगून, द्रवरूप हवेत पुरती गार केली की ओढ एकदम वाढायची. "भांडनाऱ्या जावा एका बाजूनं झाल्या, बाई. कावून झाल्या, हे शोधाचं हाये," असं ते म्हणायचे.

यावरच प्रबंध झाला. परीक्षकांनी तो पसंत केला, फक्त तोंडी परीक्षा उरली. तिकडे सरांच्या वस्तीत पेढेसुद्धा वाटून झाले. आमच्यातला पहिला डॉक्टर, असं त्यांचे वडील भेटेल त्याला सांगत सुटले.

अशात नागपूरचे एक परीक्षक कॉलेजात आले आणि चहा पिता पिता सहज म्हणाले, "भुकटीत थोडं लोखंड गेलं नसेल ना?" माझं डोकंच फिरलं! लोखंड? माझ्या भुकटीत? मी तावातावाने सरांकडे गेले. ते हसले. "तुमच्या भुकटीले मी नावं ठेवू देनार नाई. थांबा, दाखवून देतो."

बाजारातून त्यांनी पांढरी रांगोळी आणली. चुंबक तिला विचारत नाही हे आधी तपासून घेतलं, ती बारीक वाटून नळीत भरली आणि द्रवरूप हवेत सोडली. ही गप्प बसेल आणि ओढ भुकटीचीच ठरेल असा त्यांचा हिशेब. तराजूचा काटा थोडा वेळ स्थिर राहिला, आणि मग हलला. चांगला सरसरून हलला.

"रांगोळीले चुंबक कवापासून ओढाले लागला, बाई?"

मग तेच नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. ते तोंड लाखेने बंद करायची रीत. पण आमच्या उन्हाळ्यात लाख मऊ होऊन भुकटीवर ओघळायची, म्हणून सरांनी कापसाचा बोळा बसवला होता. वऱ्हाडात कापूस कशालाही चालतो: कानाला, दिव्याला, जखमेला. त्या कापसातून हवा आत जात होती, आणि तिच्यातला ऑक्सिजन गार भुकटीत द्रव होऊन बसत होता. द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे धावतो, हे आम्ही दोघंही वर्गात शिकवत होतो. असं असूनही ते आमच्या ध्यानात आलं नाही.

सर विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, प्रबंध पसंत झालाय. तोंडी परीक्षेत कापसाबद्दल कोण विचारणार आहे?"

"कोनी नाई विचारनार, सर. पन मले ठाऊक हाये ना."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "आमच्यातला पयला डॉक्टर खोटा निंगाला, तं मागच्या पोरायले दार बंद होईन."

"आणि पहिला झालाच नाही तर?"

प्रबंध त्यांनी मागे घेतला. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "त्यांना झेपणारं नव्हतंच ते." 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे सगळ्यांना कळलं. मी कप आपटला आणि म्हटलं, "तुमचा एक तरी प्रयोग तुम्ही रांगोळी घालून तपासलाय का?" पण अशा बोलण्याने कोणाचं काय बिघडतं!

सर मात्र पुन्हा थर्मास घेऊन पॅसेंजरमध्ये बसले. पंपाने हवा काढून, नळीची काच तोंडाशी वितळवून बंद करायला शिकले. बोटं भाजली. आता रांगोळी गप्प बसली. मग माझी भुकटी घातली, आणि काटा हलला! अगदी जरासा, पण हलला. मी नवी भुकटी करून दिली, तरी हलला. पुन्हा केली, तरी तेच.

"उरलं, बाई! सारं खोटं गेलं अन् एवढं उरलं." सरांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

हे त्यांनी नागपूरला कळवलं. उत्तर आलं की पुन्हा कुठूनतरी हवा शिरली असेल. खात्री करायला याहून कितीतरी गार द्रव लागणार होता, तो साऱ्या वऱ्हाडात नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना विनवून झालं. एकदा चुकलो म्हणून स्वतः सांगणाऱ्याचं दुसऱ्यांदा कोण ऐकतो? सर वर्षानुवर्षं वाट बघत राहिले आणि मग अकोल्याच्या दवाखान्यात काविळीने गेले. चाळिशीही गाठली नव्हती.

कॉलेजात शोकसभा झाली. विभागप्रमुख सरांच्या प्रामाणिकपणावर भरभरून बोलले. मग आणखी एक बोलले, तेही प्रामाणिकपणावरच. मी आतून जळत होते. माणसाच्या चुकीच्या कबुलीला हार घालायचा आणि त्याच्या कामाकडे ढुंकूनही बघायचं नाही, ही कसली श्रद्धांजली? मी उठले आणि सांगितलं, की सरांना जे शेवटी सापडलं ते खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि सभा संपली.

बाहेर सरांची बायको थांबली होती, सोबत म्हातारे सासरे. जिनिंगच्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच गेले होते. वहिनींनी माझा हात धरला.

"बाई, खरंच होतं थे?"

"होतं, वहिनी. थोडंसं होतं, पण खरं होतं."

"थोडंसं म्हंजे केवढं?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मध्ये केसभर फट. वहिनींनी ती नीट बघून घेतली, मग सासऱ्यांकडे वळून आपली दोन बोटं तशीच त्यांच्या डोळ्यांपुढे धरली आणि मोठ्याने ओरडून सांगितलं, "मामाजी, एवढं! पन खरं!"