कार्ड आणलंय, डबा कोण बघतो!

असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. दुकानात धूळ साठते तसे ते साठत जातात, आणि धूळ निदान ब्लोअरनं उडवता तरी येते!

आमचं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ दिन्या. दिन्याचं एकच टुमणं, "दादा, हे सगळं बंद करू आणि मोबाइलची कव्हरं विकू. कव्हर जळत नाही." मी म्हणायचो, "थांब रे, लोक शिकतील." हल्ली हे म्हणताना माझा आवाज जरा बारीक येतो.

प्रकरण साधं आहे. कॉम्प्युटरमध्ये एक लोखंडी डबा असतो, पॉवर सप्लाय. घरातली वीज मशीनला पचेल अशी करून देणं हे त्याचं काम. पडद्यावरची चित्रं, व्हिडिओ पळवणारं ग्राफिक्स कार्ड मोठं घेतलं की ते वीजही मोठी मागतं. डबा जुना, लहान असेल तर मशीन बंद पडतं, नाहीतर जळतं. म्हणून आधी डबा बघायचा आणि मग कार्ड घ्यायचं. एवढंच! पण मुलगी बघताना गावभर चौकशी करणारी माणसं डब्याची चौकशी करत नाहीत.

*

कुपवाडचे एक वर्कशॉपवाले आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लेथवर केसाच्या जाडीची चूक झाली तर माल परत पाठवणारा माणूस. पोराला डिझाइनसाठी मोठं कार्ड घेऊन दिलं आणि डबा स्वतः बाजारातून निवडून आणला. कसा निवडला? हातात घेऊन, वजन बघून!

"ह्यो सगळ्यात जड हुता. जड म्हंजे दणकट. आमच्या लाइनीत तसंच आसतंय."

आठवड्याभरात मशीन बंद. मी डबा उघडला. आत नावाला चार पार्ट, आणि तळाशी स्क्रूनं आवळून बसवलेला लोखंडाचा ठोकळा. वजन वाढवायला! मला वाटलं, आता अण्णा विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरणार.

अण्णांनी ठोकळा काढला, चष्मा कपाळावर घेतला, उलटसुलट करून नखानं वाजवला.

"फेकू नगा. माल लय चांगला हाय!"

आणि ठोकळा खिशात घालून गेले. पोराचं मशीन अजून आमच्याकडेच पडून आहे.

*

तासगावच्या बाजूला संपत नावाचा लग्नाचे व्हिडिओ करणारा आहे. ऐन सीझनला त्यानं नवं कार्ड टाकलं. फिल्म तयार करायला लावली की निम्म्यावर मशीन बंद. मी फोनवर सांगितलं, "संपत, डबा कमी पडतोय." तो म्हणाला, "समजलं, समजलं. वीज कमी पडतीया."

मी बिनधास्त झालो. मला वाटलं, समजलं.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको दुकानात आली. पदर खोचलेला, चेहरा लाल.

"भावजी, तुमी ह्यास्नी काय सांगिटलंय?"

"का हो, वहिनी?"

"कॉम्प्युटर लागला की घरातला फ्रीज बंद, पंखा बंद, टीव्ही बंद. म्हनत्यात, सगळी वीज आपल्या मशीनला जाऊ दे. सासूबाईंस्नी पुठ्ठ्यानं वारा घालतीया मी. मिक्सर लावला तर अंगावर येत्यात. आवं, एका डब्यापायी आठ दिस झालं पाट्यावर वाटतीया!"

मी त्यांना समजावून सांगितलं, की घरात वीज भरपूर आहे, ती आत नेणारा डबा लहान आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"म्हंजे मिक्सर लावला तर चालंल न्हवं? एवढं चिठ्ठीवर लिवून द्या. माझं ऐकत न्हाईत."

लिहून दिलं. डबा मात्र अजून तोच आहे.

*

साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार पुतण्यासाठी दिल्लीहून कार्ड घेऊन आले. कार्ड विटेएवढं आणि डबा पुतण्याच्या जन्माच्या वेळचा. मी म्हणालो, "सुभेदार, याला निम्मीसुद्धा वीज मिळणार नाही."

सुभेदार ताठ झाले.

"आमी बर्फात निम्म्या रेशनवर ड्यूटी केलीया. ह्याला घरात बसून काय धाड भरलीया?"

"अहो, ते यंत्र आहे."

"सवय लावली की व्हतंय. लावा तुमी!"

मी हात जोडले, लावलं नाही. त्यांनी घरी नेऊन स्वतः लावलं. संध्याकाळी फोन आला. मला वाटलं, आता तरी पटलं असेल.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "जवान शहीद झाला."

*

शेवटी मी दारात मोठी पाटी लावली. "ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी पॉवर सप्लाय तपासून घ्या." लाल अक्षरात, लांबून वाचता येईल अशी.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. पाटीपुढे उभे राहून त्यांनी ती मोठ्यानं वाचली. मान डोलावली. मी दिन्याकडे बघितलं. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू!

"लय बराबर लिवलंय," गृहस्थ आत येत म्हणाले. "लोक बघतच न्हाईत गड्या. घेत्यात आन् पस्तावत्यात."

आणि पिशवीतून कार्ड काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"हे कालच आणलंय. तेवढं बसवा."

दिन्या कव्हरांचा कॅटलॉग माझ्यासमोर सरकवून चहा सांगायला गेला.

*

मग बिरूमामा आले.

जतच्या पलीकडच्या गावातले. पूर्वी मेंढरं होती, आता जिरायत ज्वारी. एसटीतून उतरून खांद्यावर पोतं टाकून थेट दुकानात. पोत्यातून काय निघालं? कॉम्प्युटरचा जुना डबा!

"मालक, पोरीला कार्ड घ्याचं हाय. तिनं सांगिटलंय, आदी ह्यो डबा पुरतोय का बघून या, मगच कार्ड."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांत आधी विचारायला आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक! मामांना बसवलं, चहा मागवला, दिन्याला हाक मारून दाखवलं, "बघ! शिकतात की नाही लोक?"

त्यांची सुवर्णा अॅनिमेशन शिकलेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिच्याकडे छोटी फिल्म मागितली होती. आवडली तर नोकरी.

"आणि नाही आवडली तर?" मी विचारलं.

"तर वैशाखात लगीन. भावकी थांबंना झालीया. नोकरी लागली तर मी कुणाचं ऐकत न्हाई, पन लागाया पायजे."

मी डबा तपासला. अजिबात पुरणारा नव्हता. तसं स्पष्ट सांगितलं. मामांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. मी चांगल्यातला चांगला डबा काढून दिला, काळा, चकचकीत, मखमली पिशवीतला. "हा पुरेल," मी म्हणालो. मामांनी धोतराला हात पुसले आणि मगच तो घेतला.

"लय देखना हाय हो!"

जुना डबाही त्यांनी पोत्यात घालून परत नेला. घरातली वस्तू, टाकवत नाही माणसांना. त्या दिवशी मी फार खुश होतो. दिन्या दिवसभर कव्हरांबद्दल एक अक्षर बोलला नाही.

महिन्याभरानं शनिवारी सकाळी बापलेक दोघं आले. सुवर्णाच्या हातात कॅबिनेट होतं आणि जळका वास माझ्यापर्यंत आला. सोमवारी फिल्म पाठवायची होती. शेवटची जोडणी चालू असताना मशीनमधून धूर निघाला.

मी उघडलं. कार्ड गेलेलं. डिस्क लावून बघितली, दुसऱ्या मशीनवर लावून बघितली. तीही गेलेली. फिल्म तिच्यातच होती.

"काका," सुवर्णा म्हणाली. ती रडत नव्हती, मला ते जास्त लागलं. "डबा तुम्हीच तपासलात ना? आबा म्हणाले, मालकांनी बघितला, पुरंल म्हणाले."

मी डब्याकडे बघितलं. पोत्यातून आलेला तोच जुना डबा होता.

"अगं, पण मी नवा दिला होता. तो कुठाय?"

"कुठला नवा?"

आम्ही दोघांनी मामांकडे बघितलं. ते कॅबिनेटच्या कडेला बसलेली काजळी अंगठ्यानं पुसत होते.

"हाय की. कपाटात हाय, पिशवीसकट," ते म्हणाले. "इतकी देखनी वस्तू, म्हनलं रोज वापरून कशाला जुनी करायची. तुज्या लग्नात रुखवतावर मांडू."