हवेत धावणारे पाय

व्हीलचेअरचा नवा पट्टा बाबांच्या कमरेला आवळला आणि कोऱ्या नायलॉनचा वास आला. चिखलदऱ्याच्या कड्यावरही हाच वास होता. पॅराग्लायडिंगवाल्यानं बाबांना असाच पट्टा बांधून स्वतःला मागे जोडून घेतलं, तर बाबांनी पायातल्या चपलाच काढल्या.

"काका, असू द्या पायात."

"खळ्यातबी आमी चपला घालून जात नाही. हे तं आभाय हाय!"

शेवटी बळेच बूट घालायला लावले. "धावा!" म्हटल्यावर बाबा धावले, वरचं कापड फुगलं, कडा संपला, तरी त्यांचे पाय धावतच होते. खाली सागाची दरी आणि वर वावरात ढोर घुसल्यासारखे पळणारे बाबा. मी हसून हसून वाकले.

"बाबा, थांबवा ना आता पाय!"

"धावून राहिलो तं धावू दे ना मले!"

लकवा मारल्यापासून बाबा बोलत नाहीत. पाय आता चालणार नाहीत, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय. मी त्यांचा एकेक पाय उचलून खुर्चीच्या फळीवर ठेवते, चपला न घालताच.

घरात कोणी नसलं की कानाशी वाकून म्हणते, "धावा नं, बाबा."

पाय ठेवले तिथंच असतात.